जमा आणि नावे

इतिहास लिहायला एम.ए. व्हावे लागते आणि वाचायला रिटायर व्हावे लागते, अशी आमच्या यवतमाळात सर्वमान्य समजूत आहे. मी दोन्हींत बसत नाही. मी बी.कॉम. आहे, चाळिशी ओलांडलेली, पेन्शन अजून दूर, आणि बँकेच्या काउंटरमागे बसून संसार चालवणारा कारकून आहे. कॉमर्सवाल्याला इतिहास शिकवतच नाहीत असे नाही, दहावीपर्यंत शिकवतात. त्यात पुण्याचा इतिहास असतो, साताऱ्याचा असतो, फ्रान्सचासुद्धा असतो. यवतमाळचा नसतो. यवतमाळ सापडते ते भूगोलाच्या पुस्तकात, 'कापूस' या शब्दाच्या आसपास, तेही अकोला-अमरावतीच्या मागे स्वल्पविराम देऊन.

तरीही हे धाडस करतो आहे, कारण इतिहासकारांकडे सहसा नसते अशी एक गोष्ट माझ्याकडे आहे. ती म्हणजे हिशेबाची सवय. आमचे आजोबा एका अडत्याकडे दिवाणजी होते. लाल कापडात बांधलेल्या चोपडीत ते रोजची कीर्द लिहीत आणि रात्री खतावणी करीत. मी शाळेत जायच्या आधी त्यांनी माझ्याकडून एक सूत्र पाठ करून घेतले होते : जो देतो त्याचे जमा, जो घेतो त्याच्या नावे. पुढे कॉलेजात 'डबल एन्ट्री' या भारदस्त नावाखाली तीन वर्षे हेच शिकवले, फक्त फी घेऊन. तर म्हटले, आपल्या गावाचा इतिहासही याच सूत्राने मांडून पाहावा. एका बाजूला यवतमाळने जगाला काय दिले, दुसऱ्या बाजूला जगाकडून काय घेतले. तळाला बेरीज. बँकेत ताळा जमल्याशिवाय घरी जाता येत नाही. इतिहासकारांना ही अट नाही, म्हणून त्यांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

पहिली अडचण खाते उघडतानाच येते. खातेदाराचे नाव काय? अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत आमचा परगणा 'योत-लोहारा' अशा जोडनावाने नोंदलेला आहे. म्हणजे अकबराच्या काळात यवतमाळ हे जॉइंट अकाउंट होते. मूळ गाव यवत की येवते, आणि पुढचे 'माळ' म्हणजे 'महाल' या शब्दाचे झिजलेले रूप, असे जाणकार सांगतात. मे महिन्यात गाव पाहिलेल्या माणसाला मात्र 'माळ' म्हणजे माळरान हीच व्युत्पत्ती पटते आणि त्याला दोष देता येत नाही. पुढे इंग्रज आला. त्याने स्पेलिंग असे केले की वाचणारा 'येओटमल' म्हणावा. आजही एखाद्या म्हाताऱ्याच्या जुन्या दाखल्यावर ते स्पेलिंग निघते आणि आमच्याकडे 'नावात तफावत' असा शेरा बसून बिचाऱ्याला प्रतिज्ञापत्र करायला तहसिलीत पाठवले जाते. राहता राहिला लोहारा. अकबराच्या दफ्तरात यवतमाळच्या मांडीला मांडी लावून बसलेला हा लोहारा आता एमआयडीसी म्हणून ओळखला जातो. तिथे जीन्सच्या कापडाचा कारखाना आला. अबुल फजलला हे कळते तर त्याने एक परिशिष्ट नक्की जोडले असते.

जिल्ह्याची कथा तर याहून गमतीची आहे. १८६४ मध्ये जिल्हा झाला तेव्हा त्याला 'दक्षिण-पूर्व वऱ्हाड' म्हणत. नाव ठेवले की दिशा सांगितली, कळायला मार्ग नाही. मग त्याचे 'वणी जिल्हा' असे नामकरण झाले. नाव वणीचे आणि मुख्य कचेरी यवतमाळला! म्हणजे सातबारा मोठ्या भावाच्या नावावर आणि कब्जा धाकट्याचा, हा आपल्याकडचा जुनाच प्रकार. शेवटी १९०५ मध्ये पुसद तालुका वाशीमकडून घेऊन जिल्हा वाढवला आणि त्याला यवतमाळचे नाव दिले. वणीकरांनी ही गोष्ट मनाला लावून घेतली. एखादा जुना वणीकर भेटला की "तसा जिल्हा आमचाच बरं का" हे वाक्य चहाच्या पहिल्या घोटानंतर येतेच.

आणि मालक कोण? वऱ्हाड निजामाचा. निजामाकडे इंग्रजांची बाकी थकली, म्हणून १८५३ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड कारभारासाठी आपल्या ताब्यात घेतला. बँकेच्या भाषेत गहाण. १९०२ मध्ये कर्झनसाहेबाने निजामाशी नवा करार केला. त्यात वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपये भाड्याने, कायमच्या पट्ट्यावर इंग्रजांकडे गेला. वर्षभरात तो मध्य प्रांताला जोडला गेला. मालकी मात्र कागदोपत्री निजामाची, इतकी की १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. आम्ही सारे वऱ्हाडी म्हणजे भाड्याच्या घरात जन्मलेली, भाड्याच्या घरात वाढलेली माणसे, आणि भाडेही आमच्याच सारा-पट्टीतून जायचे. हा 'कायमचा' पट्टा पंचेचाळीस वर्षांत आटोपला. त्यानंतर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. इतक्या बदल्या आमच्या बँकेतसुद्धा होत नाहीत.

आता मुख्य व्यवहाराकडे वळू. आमच्या आजोबांच्या चोपडीत पानोपानी एकच माल होता, कापूस. आणि या कापसाला जगाच्या बाजारात नेऊन बसवणारा इसम वऱ्हाडी नव्हता, मराठी नव्हता, त्याने जन्मात पऱ्हाटी पाहिली असेल पण आमची नक्की नाही. त्याचे नाव अब्राहम लिंकन. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर-दक्षिण जुंपली. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. गिरण्या ओस पडल्या, कामगार उपाशी, आणि साहेबाची नजर काळ्या मातीकडे वळली. वऱ्हाडात कापसाला असा भाव आला की म्हाताऱ्यांनी नातवांना त्याच्या गोष्टी सांगाव्या. युद्ध १८६५ ला संपले, भाव कोसळला. पण तोवर साहेबाला चव लागली होती. आमचा जिल्हा नेमका १८६४ मध्ये झाला, हा मला तरी योगायोग वाटत नाही. १८६७ ला मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. तिने यवतमाळला मात्र बगल दिली. सर्वांत जवळचे स्टेशन धामणगाव, एकोणतीस मैलांवर. बैलगाड्या भरभरून कापूस धामणगावला जाई आणि रिकाम्या गाड्या परत येत. गाड्या भरून जातात आणि रिकाम्या येतात, या एका वाक्यात यवतमाळचा अर्धा इतिहास आला. उरलेला अर्धाही फारसा वेगळा नाही, पण लेखाची लांबी भरायची असल्यामुळे सांगतो.

बैलगाड्या पुरेनात म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अडीच फुटी रुळांची गाडी आली. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर. मालक सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी, व्यवस्था किलिक-निक्सन या इंग्रजी पेढीची. हीच आमची शकुंतला. तिच्या वेगाविषयी इतके विनोद झाले आहेत की नवा करणे म्हणजे तिचा अपमान होईल. एवढेच सांगतो की दारव्ह्याच्या पुढे प्रवासी उतरून, बोरे वेचून, पुन्हा त्याच डब्यात चढत, असे सांगणारे निदान चाळीस जण मला भेटले आहेत आणि प्रत्येकाचे म्हणणे असे की ते बोरे वेचणारे आपणच. शेवटी शेवटी गार्डच तिकिटे विके, तोच झेंडी दाखवी. मनुष्यबळ कपातीचे धडे आमच्या हेड ऑफिसने बहुधा तिथेच गिरवले असावेत.

पण हिशेबाच्या दृष्टीने शकुंतलेची थोरवी वेगळीच. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही राहून गेली. स्वातंत्र्य आले, साहेब गेला, गाडी सरकारी रेल्वे चालवी, पगार सरकार देई आणि रूळ मात्र खासगी कंपनीच्या मालकीचे, त्यांचा मोबदला कंपनीला मिळायचा! आमच्या वाट्याला जे वाफेचे इंजिन होते ते १९२१ साली मँचेस्टरला बनलेले. ज्या गावच्या गिरण्यांना कापूस पाठवला त्याच गावाने कापूस ओढायला इंजिन पाठवले. घोड्याला गवत विकून त्याच्याकडूनच टांगा भाड्याने घ्यावा, तसला प्रकार. ते इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत सत्तर वर्षे ओढत होते. साठीला निवृत्ती आणि वर पेन्शनची हमी मागणाऱ्या आम्हा बँकवाल्यांनी त्याच्या फोटोला एकदा तरी हार घालायला हवा. त्यानंतर डिझेल आले, मग गाडीच थांबली. मोठ्या रुळांची वर्धा-यवतमाळ-नांदेड गाडी २००८-०९ मध्ये मंजूर झाली. तिचा कळंबपर्यंतचा पहिला टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. कळंबला चिंतामणी आहे, पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावे लागते तो. चिंता हरण करणाऱ्या देवापर्यंत गाडी आधी पोचवावी, हे रेल्वे खात्याला सुचले त्याअर्थी त्या खात्यात कुणीतरी यवतमाळकर असला पाहिजे.

कापसाची जमा बाजू इथवर. आता माणसांची.

वणीला २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेले माधव श्रीहरी अणे १९०८ मध्ये यवतमाळला वकिली करू लागले. टिळकांचे पक्के अनुयायी. गावाने त्यांना बापूजी म्हटले, देशाने लोकनायक. १० जुलै १९३० रोजी त्यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. मीठ करायला आमच्याकडे समुद्र नाही, समुद्र असता तर यवतमाळकराने त्यातही कापूस पेरला असता, म्हणून आमच्या लोकांनी गवत कापले. गवत कापल्याबद्दल तुरुंग! त्याच महिन्यात लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवारांनीही सत्याग्रह केला आणि अकोल्याच्या तुरुंगात गेले. त्या पावसाळ्यात जिल्ह्यातली गवतकापणी करणारी मंडळी वेगवेगळ्या वाटांनी आलेली होती, पण विळा एकच होता.

पुढे बापूजींचा प्रवास पाहा. १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींचे उपोषण चालू असताना सरकार त्यांना सोडेना, तेव्हा बापूजींनी त्या खुर्चीचा राजीनामा दिला. मग सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी. १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल. नंतर लोकसभेवर गेले ते नागपुरातून. २६ जानेवारी १९६८ रोजी ते वारले. त्याच वर्षीचे पद्मविभूषण त्यांना मिळाले. आणि एवढ्या धामधुमीत या गृहस्थांनी टिळकांवर संस्कृतात महाकाव्य लिहून ठेवले! 'श्रीतिलकयशोर्णवः' या त्या ग्रंथाला १९७३ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, लेखकाच्या पश्चात. आमच्या बँकेत साधे रजेचे कारण इंग्रजीत लिहायचे तर तिघांची समिती बसते. बापूजींच्या नावे आमच्या गावात काय? एक महिला महाविद्यालय. देणाऱ्याचे जमा झाले पाटण्यात आणि कोलंबोत, नाव राहिले यवतमाळात.

पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक घ्या. जन्म १ जुलै १९१३, बंजारा तांड्यातला. वकिली केली, १९४६ मध्ये पुसदच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९६३ च्या डिसेंबरात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ ते त्या खुर्चीवर होते. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्यांच्या सरकारने राज्यभर राबवली. २००५ मध्ये तिच्या धर्तीवर अख्ख्या देशासाठी कायदा झाला. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री झाले. एका पुसदने दोन मुख्यमंत्री दिले. पुसदकर हे इतक्या सहजपणे सांगतो, जणू सीताफळांबद्दल बोलतो आहे.

संस्थांचेही तेच. जवाहरलाल दर्डांनी १९५२ मध्ये यवतमाळात 'लोकमत' साप्ताहिक चालवायला घेतले. १९७१ मध्ये त्याचे दैनिक झाले ते नागपुरात. अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांनी इथे बस्तान बसवले होते. १९५३ मध्ये यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली. देशभरातली मुले ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकायला आमच्या गावी येत. वनस्पतीसुद्धा माना टाकतात अशा मे महिन्यात त्या पाद्र्यांनी इथे नरकाचे वर्णन कसे केले असेल याचे मला कुतूहल आहे. श्रोत्यांना फारसे समजावून सांगावे लागले नसेल. १९८३ मध्ये ती सेमिनरी पुण्याला हलली. माणसे मुंबईला, पेपर नागपूरला, पाद्री पुण्याला, कापूस मँचेस्टरला. यवतमाळचे खाते म्हणजे निव्वळ चालू खाते, शिल्लक म्हणून काही राहायचे नाही.

हा मुद्दा प्रथम माझ्या नव्हे, आमच्या साडूंच्या ध्यानात आला. आमचे साडू पुण्याचे. पुण्याच्या माणसाला गाव दाखवणे म्हणजे ऑडिटरला कॅश दाखवण्यासारखे आहे. आम्ही ऑटोत बसून निघालो. "हा टांगा चौक," मी म्हणालो. साडूंनी दोन्ही बाजूंना पाहिले. "टांगे?" ऑटोवाल्यानेच परस्पर उत्तर दिले, "टांगे कुठचे आता भाऊ! पन नाव तं टांगा चौकच रायते ना." पुढे पाचकंदील चौक आला. साडूंनी वर पाहिले, खाली पाहिले, मोजायला बोटही उचलले. कंदील नव्हते. हनुमान आखाडा चौकात त्यांनी काही विचारलेच नाही, नुसते माझ्या पोटाकडे पाहिले. घरी येऊन, आमच्या सौ.ने केलेले वडाभात आणि कढी चापल्यावर ते म्हणाले, "तुमच्या गावात नावे आहेत हो, वस्तू नाहीत."

मला राग यायला हवा होता. पण आजोबांचे सूत्र आठवले. जो घेतो त्याच्या नावे! आम्ही दिला कापूस, दिली माणसे. आणि घेतले काय, तर नावे. साडूंनी अजाणता आमची खतावणी बरोबर वाचली होती.

तरी एक बाजू त्यांना दिसली नाही, ती म्हणजे गेले नाहीत त्यांची. भाऊसाहेब पाटणकर यवतमाळचे वकील. त्यांना दोन नाद, वाघाची शिकार आणि शायरी. शायरी उर्दूत नव्हे, चक्क मराठीत. मराठीत इश्क करता येतो ही बातमी महाराष्ट्राला यवतमाळच्या एका वकिलाने दिली. त्यांच्या मैफली पुण्या-मुंबईत रंगल्या, पण टपालाचा पत्ता यवतमाळच राहिला. शंकर बडे हे आमचे दुसरे. त्यांनी वऱ्हाडी बोलीला स्टेजवर उभे केले आणि ती बोली ऐकून खुर्चीतले प्रमाण मराठी लोक हसता हसता डोळे पुसू लागले. शिवाय नवरात्र. कोलकात्यानंतर दुर्गोत्सव पाहावा तर यवतमाळचा, असे आम्ही छातीठोकपणे सांगतो. कोलकात्याला कुणी विचारायला गेलेले नाही. त्या नऊ रात्री गावात उभे राहायला जागा नसते आणि दहाव्या दिवशी आमच्या काउंटरवर नोटांपेक्षा चिल्लर जास्त येते. १९७३ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. २०१९ च्या जानेवारीत पुन्हा भरले, अध्यक्ष अरुणा ढेरे. त्या वेळी उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले आणि देशभर गदारोळ झाला. शेवटी उद्घाटन केले ते जिल्ह्यातल्याच एका बाईने. तिच्या शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेली होती.

इथे आल्यावर विनोदी लेखकाची पंचाईत होते. पण हिशेब मांडायला बसलो आहे, तेव्हा ही रक्कम गाळून पुढे जाता येत नाही.

महागाव तालुक्यात चिलगव्हाण नावाचे गाव आहे. तिथले साहेबराव करपे गावचे सरपंच राहिलेले शेतकरी. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रात चर्चेला आलेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानतात. २०१७ पासून दर १९ मार्चला ठिकठिकाणचे लोक एक दिवस जेवत नाहीत. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज निघाले. २००८ मध्ये देशभर कर्जमाफी झाली. तिचे कागद मी माझ्या हातांनी लावले आहेत. नियम असा की दोन हेक्टर, म्हणजे साधारण पाच एकरांच्या आतला शेतकरी पूर्ण माफ. त्यावरच्याने थकबाकीचा मोठा हिस्सा आधी भरावा, मग सूट. ज्याने हा नियम केला त्याच्या डोळ्यांपुढे पाटाच्या पाण्याची शेती असावी. आमच्याकडे कोरडवाहू. पाऊस आला तर पीक, नाही तर सहा एकर काय नि दहा एकर काय, मोजायला सोपे एवढेच. साडेपाच एकरवाले एक काका काउंटरवर आले. यादी पाहिली, नाव नव्हते. जरा वेळ उभे राहून मला म्हणाले, "बाबू, कागदावर अर्धा एकर कमी नाही होत का? वावरात तं तसंबी तिथं काही होत नाही."

रांगेतली माणसे हसली. काकाही हसले. मी त्यांना पुढचा फॉर्म दिला. वऱ्हाडी माणूस संकटाची थट्टा इतक्या हुशारीने करतो की ऐकणाऱ्याला ते संकट वाटतच नाही, आणि हेच कधी कधी महागात पडते.

तर आता तळाची बेरीज. यवतमाळच्या जमेला सर्वांत मोठी रक्कम ना वकिलांची, ना मंत्र्यांची, ना संपादकांची. ती पऱ्हाटीची. लिंकनच्या लढाईपासून आजवर ज्याने दरसाल गाडी भरून पाठवली त्या माणसाचे खाते उघडून पाहिले तर त्याच्या नावे काय आहे? चौक नाही, पुतळा नाही, महाविद्यालय नाही. त्याच्या नावे फक्त कर्ज आहे. देणाऱ्याच्याच नावे बाकी निघावी, ही एन्ट्री आजोबांच्या चोपडीत कुठेही बसत नाही. आजोबा असते तर त्यांनी कीर्द पहिल्यापासून तपासायला घेतली असती, आणि जेवायला उठले नसते.

मी तेवढा मोठा दिवाणजी नाही. पण आमच्याकडे एक नियम आहे तो सांगून ठेवतो. एखाद्या खात्याकडे दहा वर्षे कुणी फिरकले नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. २०१४ पासून हे चालू आहे. पुष्कळांना वाटते की पैसा बुडाला. बुडत नाही. वारसाने यावे, ओळख पटवावी, रक्कम व्याजासह परत मिळते. फक्त विचारायला जावे लागते.

धामणगावच्या बैलगाड्यांचे किस्से बापाकडून ऐकलेली माणसे अजून आमच्या आळीत आहेत. शकुंतलेतून कारंज्याला नवरी होऊन गेलेल्या आजीबाई आहेत. टांगा चौकात खरोखरचे घोडे पाहिलेले आहेत, पाटणकरांची मैफल पुढच्या रांगेत बसून ऐकलेले आहेत, आणि २००८ च्या यादीत आपले नाव न सापडलेलेही आहेत. यांच्याकडे जाऊन बसायला फोटो लागत नाही, आधार कार्ड लागत नाही, आणि लिंक फेल होत नाही. चहा मात्र दोनदा घ्यावा लागतो. मी सध्या रविवारी एकेकाकडे जातो आणि आजोबांच्या उरलेल्या कोऱ्या चोपडीत लिहून घेतो. तारीख, वार, देणाऱ्याचे नाव, सगळे रीतसर. साडेपाच एकरवाल्या काकांचा पत्ता मिळाला आहे. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जायचे आहे. चोपडीत त्यांचे पान मी आधीच काढून ठेवले आहे, डाव्या बाजूला, जमेकडे.